हिमालयात स्नोशूइंग आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग कुठे करता येतं? बर्फातली सपाट जागा कशी ओळखायची?

हिवाळ्यात मनालीला किंवा गुलमर्गला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा बर्फाशी येणारा संबंध ठरलेला असतो. भाड्याचे गमबूट आणि रंगीत सूट चढवायचा, स्लेजवरून एकदा घसरायचं, फार तर पायाला स्की बांधून उतारावर अर्धा तास धडपडायचं, फोटो काढायचे आणि गरमागरम मॅगी खाऊन परत फिरायचं. त्या गर्दीपासून दोन-तीन किलोमीटरवर बर्फाने भरलेलं शांत जंगल असतं, पण तिथे पोहोचायचं कसं हे ठाऊक नसतं. साध्या बुटांनी गेलं की पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि शंभर पावलांत दम लागतो.

यावर जगभरात दोन जुने उपाय आहेत: स्नोशू आणि क्रॉस-कंट्री स्की. दोन्हींना रोपवे लागत नाही, तिकीट लागत नाही. लागते ती योग्य जागा, आणि हिमालयात अडचण नेमकी तिथेच आहे. बर्फ भरपूर असलेल्या जागा पुष्कळ आहेत. बर्फ आहे, जमीन सपाट आहे आणि डोक्यावर हिमस्खलनाची टांगती तलवार नाही, अशा जागा फार थोड्या.

दोन्हींत फरक काय?

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद, हलकी चौकट. पूर्वी ती लाकूड आणि चामड्याच्या पट्ट्यांची असे, आता अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते. शरीराचं वजन मोठ्या क्षेत्रावर विभागलं जातं, त्यामुळे गुडघाभर रुतणारा पाय वीतभर किंवा त्याहून कमी रुततो. टाच मोकळी राहते आणि खाली लोखंडी दात असतात, म्हणून चढावर पकड मिळते. दोन काठ्या घेतल्या की झालं. ज्याला सह्याद्रीत चालता येतं त्याला स्नोशूवर चालायला शिकण्यासाठी तासभर पुरतो. पाय थोडे फाकवून टाकायचे आणि स्वतःच्याच चौकटीवर पाय द्यायचा नाही, एवढीच मुख्य गोष्ट.

क्रॉस-कंट्री स्कीइंग हे त्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे. उतारावरच्या नेहमीच्या स्कीइंगमध्ये बुटाची टाच स्कीला घट्ट बांधलेली असते आणि गुरुत्वाकर्षण सगळं काम करतं. क्रॉस-कंट्रीत फक्त पायाची बोटं बांधलेली असतात, टाच उचलली जाते आणि माणूस स्वतःच्या ताकदीने घसरत पुढे जातो. स्की लांब, अरुंद आणि हलक्या असतात. ‘क्लासिक’ प्रकारात दोन समांतर चरांतून पाय पुढे-मागे सरकतात, ‘स्केटिंग’ प्रकारात बर्फावरच्या स्केटिंगसारखे बाजूला ढकलले जातात. नॉर्वे किंवा फिनलंडमध्ये यासाठी यंत्रं फिरवून शेकडो किलोमीटरच्या वाटा आखून ठेवतात. पर्यटकांसाठी रोज आखून ठेवलेली अशी वाट हिमालयात मिळत नाही. ती स्पर्धेच्या दिवसांत दिसते, एरवी आपणच पहिली रेघ ओढायची. त्यामुळे इथे थोड्या रुंद, धातूच्या कडा असलेल्या स्की उपयोगी पडतात. चढासाठी त्यांच्या बुडाला लोकरीसारखी पट्टी चिकटवता येते. ती पुढे सरकते, पण मागे घसरू देत नाही.

थोडक्यात, आठवडाभराच्या सुट्टीत जाणाऱ्या माणसासाठी हिमालय हा मुख्यतः स्नोशूचा प्रदेश आहे. क्रॉस-कंट्रीसाठी जागा आहेत, पण त्या मोजक्या आहेत आणि सामान सहज भाड्याने मिळत नाही.

नावातच पत्ता

हिमालय हा तरुण पर्वत आहे. नद्यांनी त्यात खोल, अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दऱ्या कापल्या आहेत. रस्ते आणि गावं या दऱ्यांच्या तळाशी किंवा कडेला. म्हणजे गाडीने जिथे सहज पोहोचता येतं, तिथे दोन्ही बाजूंना तीव्र उतार असतात. क्रॉस-कंट्रीला अशी जमीन निरुपयोगी आणि स्नोशूला धोकादायक.

अपवाद म्हणजे उंचावरची कुरणं. जंगलाची रेषा संपते तिथे, किंवा जंगलाच्या मधोमध, गोलसर टेकड्यांवर पसरलेली गवताळ मैदानं असतात. उन्हाळ्यात तिथे मेंढपाळ आणि गुज्जर आपली जनावरं नेतात, हिवाळ्यात ती बर्फाखाली जातात. त्यांना काश्मीरमध्ये ‘मर्ग’ म्हणतात, गढवालमध्ये ‘बुग्याल’ आणि कुलू भागात ‘थाच’. गुलमर्ग, सोनमर्ग, युसमर्ग, दयारा बुग्याल, बेदनी बुग्याल ही सगळी नावं कुरणांची आहेत. हिमालयाच्या नकाशावर स्नोशूसाठी जागा शोधायची तर ही नावं शोधणं ही चांगली सुरुवात आहे. गुरांना जिथे चरता येतं, तिथे माणसाला बर्फात चालता येण्याची शक्यता जास्त.

मात्र नाव ही फक्त सुरुवात आहे. ती कुठे फसवते, हे गुलमर्गमध्येच दिसतं.

गुलमर्ग

श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, साधारण २,६५० मीटर उंचीवर गुलमर्ग आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, त्यावर आणखी हजार मीटर चढवले की गुलमर्गचं मैदान येतं. या मैदानाचा आकार बशीसारखा आहे: मध्ये सपाट, कडेला देवदार-फरच्या जंगलाच्या हलक्या टेकड्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये इथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला. आज जगभरातले स्कीपटू इथे येतात ते अफरवत पर्वतावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेणाऱ्या गोंडोलासाठी. पर्यटकही गोंडोलाच्याच रांगेत उभे राहतात.

क्रॉस-कंट्रीचं गुलमर्ग मात्र खाली, बशीच्या तळाशी आहे. उन्हाळ्यातलं गोल्फचं मैदान हिवाळ्यात या खेळाचं मैदान होतं. ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांमधल्या नॉर्डिक स्कीइंगच्या शर्यती इथेच होतात. जमीन हलकी उंचसखल, पडलं तरी काही मोडत नाही, आणि थकलं की दहा मिनिटांत चहाची टपरी. पहिल्यांदा क्रॉस-कंट्री करून बघायला भारतात याहून सोयीची जागा सापडणं कठीण. अडचण सामानाची. गुलमर्गच्या दुकानांत उतारावरच्या स्की रगड मिळतात, क्रॉस-कंट्रीच्या अगोदर ठरवल्याशिवाय मिळतीलच असं नाही. ज्यांना नीट शिकायचं आहे त्यांनी इथल्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेकडे आधी चौकशी करावी. ही सरकारी संस्था आहे आणि तिचे अभ्यासक्रम खासगी शिकवणीपेक्षा स्वस्त पडतात.

स्नोशूसाठी बशीच्या काठावरून जाणारी ‘आउटर सर्कल’ची वाट आहे, साधारण ११ किलोमीटरची. उन्हाळ्यात लोक तिथे घोड्यावरून फिरतात, हिवाळ्यात तिचे बरेच भाग पूर्ण रिकामे असतात. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला काश्मीर खोरं, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्वत. सगळी वाट एका दिवसात संपवण्याचा हट्ट नको. ताज्या बर्फात पाच किलोमीटरलाही अर्धा दिवस जातो.

आता त्याच गुलमर्गच्या वरचं खिलनमर्ग. नाव मर्गच, तेही कुरणच, आणि गुलमर्गपासून काही किलोमीटरची चढण. पण ते अफरवतच्या तीव्र उताराच्या अगदी पायाशी आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तिथे हिमस्खलन झालं आणि लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये प्रशिक्षण घेणारे १७ जवान त्यात मरण पावले. बर्फात वावरायचं शिक्षण घेणारी ती माणसं होती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवरच्या स्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. एकाच गावातल्या दोन कुरणांत हा एवढा फरक आहे: एकाच्या भोवती टेकड्या, दुसऱ्याच्या डोक्यावर डोंगर.

काश्मीरबाबत आणखी एक गोष्ट उघड आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात महाराष्ट्रातल्याही पर्यटकांचा जीव गेला. त्यानंतर खोऱ्यातली अनेक ठिकाणं बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली गेली. गुलमर्गपासून नियंत्रण रेषा दूर नाही. गाव सोडून बोटापथरीसारख्या बाजूला जायचं तर त्या दिवशी परवानगी आहे का हे स्थानिक प्रशासनाकडूनच कळतं. इतर राज्यांतली प्रीपेड सिम कार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, त्यामुळे सोबत निदान एक पोस्टपेड फोन असावा.

औली आणि गोरसन

उत्तराखंडातलं औली जोशीमठच्या वर, २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या होत्या आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण व स्कीइंग संस्थाही इथेच आहे. देशातल्या क्रॉस-कंट्री शर्यतींत लष्कर आणि सीमा पोलिसांचे संघ पुढे का असतात, याचं एक कारण औली आणि गुलमर्गमधल्या या दोन संस्था. सामान्य लोकांसाठी गढवाल मंडल विकास निगम स्कीइंगचे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग चालवत आलं आहे, पण ते उतारावरच्या स्कीइंगचे.

स्नोशूवाल्याने औलीचा उतार ओलांडून पुढे जावं. वरच्या टोकापासून ओक आणि देवदारांच्या जंगलातून सुमारे तीन किलोमीटरवर गोरसन बुग्याल लागतं. चढ सौम्य आहे आणि वाट धारेच्या अंगाने जाते, हा तिचा मोठा गुण. झाडं संपली की समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, बाजूला द्रोणागिरी आणि हाथी पर्वत. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. उत्साही लोक इथून पुढे कुआरी खिंडीकडे जातात, पण तो मुक्कामाचा ट्रेक आहे.

औलीला पोहोचणं मात्र पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले आणि जोशीमठ ते औली हा चार किलोमीटरचा रोपवे बंद करावा लागला. तेव्हापासून भिस्त रस्त्यावर आहे, आणि जोराचा बर्फ पडला की रस्त्यावर गाड्या अडकतात. निघण्याआधी जोशीमठमधल्या हॉटेलवाल्याला फोन करून ‘गाडी कुठपर्यंत येते’ एवढं विचारावं. बाकी सगळी माहिती त्या उत्तरात असते.

दयारा बुग्याल

दोन्ही खेळांना मनापासून मानवेल असं कुरण हिमालयात कुठलं, तर दयाराचं नाव घ्यावं लागतं. उत्तरकाशीहून गंगोत्रीच्या रस्त्याने भटवाडी, तिथून वर रैथल किंवा बारसू ही गावं, आणि तिथून जंगलातून सहा-आठ किलोमीटरची चढण. वर ३,४०० मीटरच्या आसपास लाटांसारख्या टेकड्यांचं प्रचंड मैदान पसरलेलं आहे. फेब्रुवारीत त्यावर सलग पांढरी चादर असते. उतार इतके सौम्य आहेत की क्रॉस-कंट्री स्कीवर टेकडीमागून टेकडी घेत जाता येतं. समोर बंदरपूंछची रांग. ऑगस्टमध्ये रैथलचे गावकरी याच मैदानावर दूध, ताक आणि लोण्याची होळी खेळतात. जमीन किती निवांत आहे याचा अंदाज त्यावरून यावा.

इथे रोपवे नाही, हॉटेल नाही, सामान भाड्याने देणारं दुकान वर नाही. सगळं पाठीवर किंवा खेचरावर. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, कारण तंबूंनी आणि कचऱ्याने गवताची माती उघडी पडू लागली होती. त्यामुळे मुक्काम खालच्या जंगलातल्या मोकळ्या जागी करून दिवसा वर जाऊन यायचं, असा कार्यक्रम ठरतो. बर्फात हे दमवणारं आहे. पहिल्यांदाच स्नोशू घालणाऱ्याने दयारापासून सुरुवात करू नये.

मग मराठी ट्रेकर ज्या केदारकंठावर हिवाळ्यात मोठ्या संख्येने जातात, त्याचं काय? सांक्रीहून निघणारी ती ३,८०० मीटरची वाट सुंदर आहे, यात वाद नाही. पण हंगामात रोज इतके लोक तिच्यावरून जातात की बर्फ तुडवून घट्ट, गुळगुळीत होतो. तिथे स्नोशूचा उपयोग नाही. बुटावर चढवायचे साखळीचे दात, म्हणजे मायक्रोस्पाइक, लागतात. ज्याला बर्फातली शांतता हवी आहे त्याने केदारकंठा यादीतून काढून टाकायला हरकत नाही.

हिमाचल: बंद रस्ते हीच वाट

हिमाचलात मोठी कुरणं गावांपासून लांब आहेत, पण तिथे वेगळीच सोय आहे: हिवाळ्यात वाहनांना बंद होणारे रस्ते. रस्ता मुळात गाडीसाठी बांधलेला, म्हणून चढ बेताचा. चुकण्याची भीती नाही. आणि बर्फ पडला की तो आपोआप स्नोशूची वाट होतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे नारकंडा. सिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, २,७०० मीटर उंचीवरचं हे गाव. इथून हाटू शिखराकडे सहा-सात किलोमीटरचा अरुंद रस्ता जातो, तो बर्फात बंद होतो. दोन्ही बाजूंना घनदाट जंगल, वर ३,४०० मीटरवर हाटू मातेचं लाकडी मंदिर. कुटुंबासह, अगदी दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही घेऊन करता येण्यासारखी ही वाट आहे. शिखर गाठायलाच हवं असं नाही, दोन किलोमीटर जाऊन परतलं तरी जंगल तेच.

दुसरी जागा बंजार भागातली जलोडी खिंड, ३,१२० मीटर. खिंडीपासून सेरोलसर तळ्याकडे ओकच्या जंगलातून पाच किलोमीटरची जवळपास सपाट वाट जाते. हिवाळ्यात खिंडीचा रस्ता बंद असतो, त्यामुळे आधी खालच्या शोजा गावातून खिंड चढावी लागते आणि एकूण दिवस मोठा होतो. जानेवारीत साडेपाच-सहालाच अंधार पडतो, हे धरून निघावं.

मनालीजवळ सोलंग आहे, तिथे गर्दीशिवाय फारसं काही सापडत नाही. त्यापेक्षा प्रिणी गावाच्या वर, २,७०० मीटरवरचं सेथन बरं. हामटा खिंडीच्या बाजूचं हे छोटं गाव गेल्या काही वर्षांत स्नोशूसाठी नावाजलं आहे आणि सामान व वाटाड्या दोन्ही मिळतात. नागमोडी रस्ता बर्फात स्वतःच्या गाडीने चढू नये. स्थानिक चालक ते काम रोज करतात.

अटल बोगद्यापलीकडे

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यात एरवी सुमारे सहा महिने तुटून राहणारं लाहौल खोरं मनालीपासून तासा-दीड तासावर आलं. सिस्सूजवळ चंद्रा नदीचं पात्र रुंद आहे, काठावर बटाटा-मटारची शेतं आहेत. हिवाळ्यात ती बर्फाखाली गेली की नकाशावर क्रॉस-कंट्रीसाठी आदर्श दिसतात.

इथे दोन गोष्टी आड येतात. पहिली, ही सपाटी दरीच्या तळाशी आहे. वरच्या नाळांमधून सुटलेलं स्खलन खाली शेतापर्यंत, कधी रस्त्यापर्यंत येतं. दुसरी गोष्ट माणसांची. जानेवारी-फेब्रुवारी हा लाहौलमध्ये हालडा आणि फागलीसारख्या सणांचा काळ. पूर्वी बर्फाने जग तोडलेलं असताना हे सण घराघरांत साजरे व्हायचे. देवतांसाठी शांतता पाळायची रीत आहे. बोगद्यामुळे आता त्याच दिवसांत दारासमोर गाड्यांचे हॉर्न वाजतात. काही पंचायतींनी या काळात पर्यटकांचे खेळ बंद ठेवण्याचे निर्णय घेतले आहेत. ते तक्रार न करता पाळावेत. मार्च महिना लाहौलसाठी बरा: दिवस मोठे, गावं मोकळी, बर्फ अजून शिल्लक. पण उन्हाने स्खलनांची शक्यताही वाढते, त्यामुळे सकाळी लवकर निघून दुपारच्या आत परत.

आणि लडाख? तिथे थंडी आहे, पण उंच रांगांच्या आडोशामुळे लेह परिसरात बर्फ फारच कमी पडतो. तिथल्या हिवाळ्याचा खेळ म्हणूनच आइस हॉकी आहे.

कधी जायचं, आणि बर्फ असेल का?

हिमालयातला हिवाळी बर्फ मान्सूनमुळे पडत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याच्या प्रणाली, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, त्या डिसेंबर ते मार्चदरम्यान एकामागून एक येऊन बर्फ टाकतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. जुन्या हिशेबाने चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ टिकतो.

हा हिशेब अलीकडे चुकू लागला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची बशी तपकिरी गवताने भरलेली होती. त्या वर्षी ‘खेलो इंडिया’च्या गुलमर्गमधल्या स्पर्धा फेब्रुवारीच्या सुरुवातीऐवजी २१ ते २५ फेब्रुवारीला घ्याव्या लागल्या. २०२५ मध्ये २२ फेब्रुवारीची तारीख पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला स्पर्धा झाल्या. बर्फ येतो, पण उशिरा आणि एकदम. पर्यटकाची यात एक सहल बुडते, स्थानिकांचं वर्ष. गुलमर्गचे स्लेजवाले आणि वाटाडे बर्फावर जगतात. नारकंडा-कोटगढच्या सफरचंदाच्या झाडांना फळ धरायला थंडीचे ठरावीक तास लागतात, आणि उन्हाळ्यातलं झऱ्यांचं पाणीही याच बर्फाचं.

म्हणून ख्रिसमसच्या आठवड्याचं बुकिंग स्नोशूसाठी जुगार आहे. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्चचा पहिला आठवडा अधिक भरवशाचा. त्यातही तीन हजार मीटरच्या वरची आणि उत्तरेकडे तोंड असलेली जागा निवडावी. दक्षिणेच्या उतारावर दिवसभर ऊन पडतं, तिथला बर्फ चार दिवसांत जातो.

हिमस्खलनाचा अंदाज

सर्वाधिक हिमस्खलनं साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा घसरत नाही, त्याहून जास्त उतारावर साठून राहत नाही. स्नोशू किंवा क्रॉस-कंट्रीसाठी निवडलेली वाट बहुधा २० अंशांच्या आतली असते, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. धोका पायाखालच्या उतारात नसतो, वरच्या उतारात असतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर स्खलन कोसळलं. ५४ कामगार अडकले, त्यातले ८ दगावले. ती माणसं डोंगर चढत नव्हती, आपल्या निवाऱ्यात होती.

डीआरडीओची चंडीगडची संस्था, डीजीआरई, हिवाळ्यात जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते आणि ते स्थानिक प्रशासन व वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतात. इशारा असेल त्या दिवशी जाऊ नये. मोठ्या बर्फवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस थांबावं, आकाश कितीही निळं दिसलं तरी. घनदाट जुनं जंगल तुलनेने सुरक्षित; पण जंगलाच्या मधोमध वरून खालपर्यंत झाडं नसलेला सरळ पट्टा दिसला तर ती स्खलनाची नेहमीची वाट समजावी आणि तिथे फोटोसाठी थांबू नये.

स्खलनात गाडलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या पंधरा मिनिटांत असते. इतक्या वेळात बाहेरून मदत येत नाही, सोबतच्यांनीच काढावं लागतं. म्हणून मोकळ्या डोंगरात जाताना प्रत्येकाजवळ संदेश देणारं-घेणारं ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं लागतं. वाटाड्याला ‘तुमच्याकडे ट्रान्सीव्हर आहेत का’ असं विचारावं. प्रश्नच कळला नाही, तर त्याच्याबरोबर नारकंड्यासारख्या जंगलातल्या रस्त्यावरच जावं.

सामान आणि शिकणं

सुती कपडे नकोत. घामाने भिजतात आणि वाळत नाहीत. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे दोन-तीन थर, वर वारा अडवणारं जाकीट. बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर गेटर. गडद चष्मा चैनीचा नाही, बर्फावरून परावर्तित उन्हाने डोळे खरोखर सुजतात. परदेशात राहणारी बरीच मराठी मंडळी आपल्या स्की घेऊन हिमालयात येतात. त्यांनी सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र आणू नये. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळांवर त्यावरून अटक झालेली आहे.

क्रॉस-कंट्री शिकायला लहानपणापासून बर्फ बघितलेला असावा लागतो, हा समज खोटा ठरवणारं एक नाव आहे: भवानी थेक्कडा नंजुंडा. त्या कर्नाटकातल्या कोडगूच्या, म्हणजे कॉफीच्या मळ्यांच्या जिल्ह्यातल्या. एनसीसीमधून गिर्यारोहणाकडे आणि तिथून स्कीइंगकडे वळल्या आणि गुलमर्गच्या त्याच गोल्फ मैदानावरच्या शर्यतींत सुवर्णपदकं मिळवली. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताच्या वतीने क्रॉस-कंट्रीत उतरलेले ताशी लुंडुप (२०१०), नदीम इक्बाल (२०१४) आणि जगदीश सिंग (२०१८) हे तिघेही मात्र डोंगराळ राज्यांतून आणि सैन्यातून आले.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला सरावासाठी बर्फ नसला तरी दम वाढवता येतो. स्नोशूचा प्रत्येक जोड एक-दोन किलो वजन पायाला लावतो आणि हवा विरळ असते, त्यामुळे सिंहगड तासाभरात चढणाऱ्यालाही पहिल्या दिवशी वेग निम्म्यावर आणावा लागतो. पहिली रात्र गुलमर्ग किंवा नारकंड्याच्या उंचीवर नुसती विश्रांती घेऊन काढावी. डोकं दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी वर जाऊ नये. गावातला बर्फ तोवर वितळलाच, तर वाटाड्याला हाटूच्या रस्त्याच्या शेवटच्या दोन किलोमीटरबद्दल विचारावं. झाडांच्या सावलीत, उत्तरेच्या वळणांवर, तो सापडण्याची शक्यता असते.